वाचकांचे प्रश्न : सव्वा इंचाचं दार

इमारतींत घरटी करणाऱ्या पक्ष्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी निम्मी पत्रं चिमणीच्या रिकाम्या पेटीबद्दल आहेत. म्हणून सुरुवात तिथूनच. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : बाल्कनीत चिमणीसाठी लाकडी पेटी टांगून दोन वर्षं झाली. रोज दाणे आणि पाणी ठेवतो. पारवे येतात, साळुंक्या येतात, चिमणी मात्र पेटीकडे फिरकत नाही. पेटी विकतची आहे. भोक दोन इंचांचं आणि त्याखाली बसायला दांडी. काय चुकतंय? – चिंचवड

उत्तर : टांगलेली पेटी, दोन इंचांचं भोक आणि दांडी या तिन्ही गोष्टी चुकल्या आहेत. वाऱ्यानं हलणाऱ्या पेटीवर चिमणीचा भरवसा बसत नाही. ती भिंतीला दोन स्क्रूंनी घट्ट बसवा. दोन इंचांच्या भोकातून साळुंकी आरामात आत शिरते आणि पेटीचा ताबा घेते. दांडीचा चिमणीला काहीच उपयोग नाही, ती भोकाची कड पायांनी धरून थेट आत जाते. दांडीवर बसून आत चोच घालायची सोय होते ती कावळ्याची. दांडी कापून टाका.

भोक हवं ३२ मिलिमीटरचं, सुतारांच्या भाषेत सव्वा इंच. पेटी फेकून द्यायची गरज नाही. सात बाय सात सेंटिमीटरच्या जाड पत्र्याला सव्वा इंचाचं भोक पाडा, कडा कानशीनं घासून बोथट करा आणि तो पत्रा जुन्या भोकावर स्क्रूनं बसवा. खारी लाकडाचं भोक कुरतडून मोठं करतात, तेही या पत्र्यानं थांबतं.

नवीन पेटी करायची असेल तर १२ मिलिमीटर जाडीचं वॉटरप्रूफ प्लाय घ्या. तळ १५ बाय १५ सेंटिमीटर. बाजूच्या दोन फळ्या १५ सेंटिमीटर रुंद, मागच्या कडेला २५ आणि पुढच्या कडेला २० उंच, म्हणजे छपराला आपोआप उतार मिळतो. पुढची फळी साडेसतरा बाय २०. मागची साडेसतरा बाय ३०, तिचे खालचे पाच सेंटिमीटर भिंतीला स्क्रू मारण्यासाठी बाहेर राहतात. छप्पर २२ रुंद आणि २४ लांब, म्हणजे पुढे पाच सेंटिमीटर पागोळी मिळते. भोकाचा मध्य पुढच्या फळीच्या वरच्या कडेपासून पाच सेंटिमीटर खाली. त्यामुळे भोक आणि तळ यांत बारा सेंटिमीटरचं अंतर पडतं. ते कमी पडलं तर मांजराचा पंजा किंवा कावळ्याची चोच पिल्लांपर्यंत पोहोचते. तळाच्या चार कोपऱ्यांत पाणी निघायला सहा मिलिमीटरची भोकं पाडा आणि दोन्ही बाजूंना छपराखाली हवेसाठी तेवढंच एकेक. छप्पर खिळ्यांनी पक्कं करू नका, नाहीतर पेटी साफ करता येणार नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी मागे ठोकली की बिजागरीचं काम होतं आणि फटीतून पाणीही झिरपत नाही.

पेटीला आतून रंग, पॉलिश, व्हार्निश काही लावायचं नाही. उलट भोकाखालच्या आतल्या बाजूवर करवतीनं आडव्या रेघा ओढा. गुळगुळीत प्लायवरून पिल्लांना वर चढता येत नाही आणि उडण्याजोगी झालेली पिल्लंही आत अडकून मरतात. बुटांचे खोके पहिल्या पावसात लगदा होतात. पत्र्याचा डबा एप्रिलमध्ये भट्टी होतो. सावलीत, हलणार नाही असं घट्ट बांधायला जागा असेल तर मातीचं मडकं चालतं, पण त्याचं तोंड बंद करून सव्वा इंचाचं भोक बाजूला पाडलेलं हवं.

पेटी जमिनीपासून अडीच ते चार मीटरवर लावा. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवा. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो आणि दुपारचं ऊन पश्चिमेचं. एसीच्या बाहेरच्या यंत्राची गरम हवा पेटीवर येता कामा नये. पेटी घरात लावणार असाल तर छताच्या पंख्यापासून दूर. चिमण्या वस्तीनं राहतात, तेव्हा एकाच भिंतीवर दीड-दोन फुटांच्या अंतरानं तीन-चार पेट्या लावल्या तर एकटीपेक्षा लवकर भरतात. लावायची वेळ नोव्हेंबर-डिसेंबर. २० मार्चला जागतिक चिमणी दिन असतो आणि त्या दिवशी पेट्या वाटायची पद्धत पडली आहे, पण तोवर बहुतेक जोड्यांनी जागा ठरवलेली असते.

एवढं करूनही पेटी रिकामी राहू शकते, आणि याचं कारण पेटीत नसतं. चिमणी जन्मली त्या जागेपासून फार लांब जात नाही. तुमच्या इमारतीच्या तीन-चारशे मीटरच्या परिसरात सकाळी चिवचिवाट ऐकू येतो का ते आधी पाहा. येत असेल तर आशा आहे. येत नसेल तर पेटीआधी बाकीची तयारी करावी लागेल, आणि त्यात दाणे सर्वांत शेवटी. मोठी चिमणी धान्य खाते, पण पिल्लांना पहिल्या आठवड्यात अळ्या, मावा, कोळी असलं मऊ खाणं लागतं. तुमच्या दाण्यांनी जोडी टिकेल, तिची पिल्लं टिकणार नाहीत. कुंडीत चवळीचा वेल लावा. त्यावर हमखास मावा पडतो. पडला की फवारणी करू नका, तोच तर हवा आहे. कढीलिंब आणि लिंबावर फुलपाखराच्या अळ्या येतात. दोन कुंड्यांत राजगिरा आणि राळा बी धरेपर्यंत राहू द्या. एका उथळ ट्रेमध्ये चार सेंटिमीटर कोरडी बारीक माती ठेवा. चिमण्या त्यात अंग घुसळून पिसांतले किडे काढतात, आणि फरसबंद सोसायटीत ही माती कुठेच मिळत नाही.

दाणे द्यायचेच तर बाजरी किंवा तांदळाची कणी, दिवसाला मूठभर. फरसाण, खारी, बिस्किटं नकोत. पारव्यांनी ताट साफ करू नये म्हणून ताटाभोवती दीड इंच चौकोनांच्या वेल्डेड जाळीचा पिंजरा करा. चिमणी आत जाते, पारवा बाहेर राहतो. पाण्याची परळ तीन-चार सेंटिमीटर खोल, रोज घासून पाणी बदलायचं. तसं केलं तर डासांची तक्रार येणार नाही.

प्रश्न : मोबाइल टॉवरमुळे चिमण्या संपल्या असं सगळीकडे वाचतो. आमच्या वस्तीत टॉवरविरुद्ध अर्ज देण्याचा विचार आहे. – सांगली

उत्तर : अर्ज जरूर द्या, पण चिमणीच्या नावानं नको. ब्रिटनमध्ये चिमण्यांची घसरण १९७०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. तिथली मोबाइल सेवा सुरू झाली १९८५ साली. २००२ मध्ये चिमणी तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेली, तेव्हा कारणांचा कसून शोध झाला. लेस्टर शहरात घरट्यांवर नजर ठेवून केलेल्या अभ्यासात दिसलं, की ज्या पिल्लांच्या पोटात कीटकांऐवजी वनस्पतिज अन्न जास्त जात होतं ती जगत नव्हती. आपल्याकडे टॉवर उभा असलेल्या कितीतरी बाजारगावांत धान्याच्या दुकानांपुढे चिमण्या भरपूर दिसतात.

आणखी एक गैरसमज सोबतच दूर करू. चिमणी देशातून नामशेष होत चाललेली नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीच्या अहवालात, पक्षीनिरीक्षकांच्या पंचवीस वर्षांच्या नोंदींवरून, देशभरात तिची संख्या साधारण स्थिर असल्याचं दिसलं. उतार आहे तो मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद या सहा महानगरांत. याचा अर्थ इतकाच, की महानगरातल्या भिंती आणि महानगरातली जमीन यांत काहीतरी बिघडलं आहे. जुन्या घरात कौलाखालची जागा, तुळईवरचा कोनाडा, कडीपाटाची फट, भिंतीवर कलतं लावलेल्या तसबिरीची मागची बाजू, वीज-मीटरची पेटी ही सगळी चिमणीची घरं होती. काच, ॲल्युमिनियम आणि सलग काँक्रीटच्या इमारतीत सव्वा इंचाची फट म्हणजे गळती, ती लगेच सिलिकॉननं बुजवतात. खाली गवताची लॉन आणि महिन्याला कीटकनाशकाची फवारणी.

प्रश्न : आमच्या सोसायटीचं बाहेरून प्लास्टर आणि रंगकाम जानेवारीत सुरू होणार आहे. पाइपच्या भोकांत, एसीच्या खाचांत चिमण्या आणि साळुंक्यांची घरटी आहेत. कंत्राटदार म्हणतो, सगळी भोकं सिमेंटनं भरून देऊ. कमिटीत दोन तट पडलेत. – ठाणे

उत्तर : इमारतीतली घरटी सर्वांत जास्त मोडतात ती रंगकामाच्या वेळी, आणि तीही कोणाच्या मनात नसताना. पाऊस संपला की काम सुरू होतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये परांची वर चढते, आणि नेमका तोच चिमण्यांचा ऐन विणीचा काळ. गवंड्याला भोकात दिसतो नुसता गवताचा बोळा. तो ओढून काढतो आणि माल भरतो. आत पिल्लं असतील तर ती सिमेंटमागे जिवंत गाडली जातात.

कमिटीतल्या दोन्ही तटांना पटेल असा मार्ग आहे. काम सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी प्रत्येक भिंतीसमोर सूर्योदयानंतर अर्धा तास एकानं उभं राहायचं, असं तीन वेगवेगळ्या दिवशी. नुसता पक्षी बसलेला दिसला म्हणजे घरटं नव्हे. गवत-पिसं घेऊन आत जातो म्हणजे बांधणी चालू आहे. बराच वेळ कोणी बाहेर येत नाही म्हणजे अंडी असू शकतात. चोचीत अळी घेऊन दर पाच-दहा मिनिटांनी फेऱ्या होतात म्हणजे आत पिल्लं आहेत. इमारतीच्या नकाशावर मजला आणि खिडकी लिहून खुणा करा आणि तो कागद कंत्राटदाराच्या मुकादमाला द्या, सेक्रेटरीच्या फाइलमध्ये ठेवू नका.

चिमणीची अंडी उबायला साधारण दोन आठवडे आणि पिल्लं उडायला आणखी दोन-सव्वादोन आठवडे. म्हणजे एखाद्या भिंतीला जास्तीत जास्त पाच आठवडे थांबावं लागतं. कामाचा क्रम बदलला तर हे सहज जमतं. ज्या भिंतीवर चालू घरटी आहेत ती शेवटी घ्या. परांची बांधायला हरकत नाही, पण घरट्याच्या तोंडासमोर एक मीटर मोकळं ठेवा आणि हिरवी जाळी तिथे कापा. जाळीमुळे आई-बापांना भोक सापडत नाही आणि पिल्लं उपाशी मरतात. नकळत सर्वांत जास्त होणारी चूक हीच.

घरटं रिकामं झालं की दुसरी वीण बसायच्या आत, दोन-चार दिवसांत, तेवढा भाग उरकून घ्यायचा. चिमणी एका हंगामात त्याच जागी दोन-तीनदा अंडी घालते, तेव्हा ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हटलंत की पुन्हा अडकलात.

भोकं भरायची की नाही? ज्यातून पाणी भिंतीत मुरतं ती भराच. त्याबद्दल भावनिक होऊ नये. पण जेवढी भराल तेवढ्या पेट्या त्याच भिंतीवर, शक्य तितक्या जवळ, काम उतरण्याआधी परांचीवरूनच लावून घ्या. नंतर त्या उंचीवर पोहोचायला वेगळा खर्च येतो.

कायद्याचं विचाराल तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात संरक्षित पक्ष्यांची अंडी नष्ट करणं आणि घरट्यांना उपद्रव देणं हेही येतं. कमिटीच्या सभेत हे वाक्य एकदा वाचून दाखवलं की चर्चा लवकर संपते.

प्रश्न : पारव्यांना कंटाळून डक्टला आणि बाल्कनीला जाळी बसवायची आहे. त्यानं चिमण्याही जातील का? आणि पारव्यांमुळेच चिमण्या गेल्या हे खरं का? – मुलुंड

उत्तर : पारवा सपाट कठड्यावर, एसीच्या मागे, डक्टच्या तळाशी दोन काटक्या टाकून अंडी घालतो. चिमणीला बंदिस्त पोकळी लागते. जागेवरून त्यांचं भांडण फारसं होत नाही, दाण्यांवरून होतं. पारव्यांची संख्या मात्र खरोखर वाढली आहे. २०२३च्या पक्षीस्थिती अहवालात भरभराटीला आलेल्या मोजक्या पक्ष्यांत त्यांचं नाव आहे. वाढीला दोन गोष्टी पुरल्या : मूळचा कडेकपारीतला पक्षी असल्यामुळे इमारतींचे कठडे त्याला आयते मिळाले, आणि लोक पोत्यानं दाणे ओततात. २०२५च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला गेला तेव्हा वाद झाला तो श्रद्धेचा आणि आरोग्याचा. या सदरापुरतं सांगायचं तर पारव्यांना दाणे टाकून चिमण्यांचं काहीच भलं होत नाही.

चिमणी खरी जाते ती पारव्यांसाठी लावलेल्या जाळीमुळे. म्हणून जाळीचं माप विचारून घ्या. पारव्यासाठी ५० मिलिमीटरची जाळी पुरते आणि तीतून चिमणी ये-जा करते. १९-२० मिलिमीटरची जाळी चिमणीलाही अडवते. विक्रेता ‘बारीक जास्त चांगली’ म्हणून तीच पुढे करतो. जाळी तारेवर चारही बाजूंनी ताणून बसवलेली हवी. सैल जाळीत पक्ष्याचे पाय आणि पंख गुंततात आणि तो तिथेच लोंबकळून मरतो. बसवण्याआधी आत घरटं, अंडी, पिल्लं नाहीत याची खात्री करा. वर्षातून दोनदा कोपरे तपासा. जाळी फाटली की पारवा आत शिरतो, पण त्याला बाहेरची वाट सापडत नाही.

कठड्यावर लावायचा चिकट जेल कधीही वापरू नका. पारवा त्यावरून पाय उचलून निघून जातो, चिमणी, पाल, खार चिकटून राहतात. विष्ठा साफ करताना आधी पाणी मारून ओली करा आणि एन-९५ मास्क लावा. कोरडी खरवडली तर धूळ फुप्फुसांत जाते, आणि तिच्यामुळे होणारा फुप्फुसांचा ॲलर्जीजन्य दाह काही जणांत कायमचा बळावतो.

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्याच्या दिंडी दरवाज्यात पाकोळ्यांची तीसेक घरटी आहेत. खाली दुचाक्या लावतात, त्यांवर घाण पडते म्हणून काही जण घरटी पाडायचं म्हणतात. हंगाम संपल्यावर पाडली तर चालेल का? एकदा एक पाकोळी जमिनीवर पडलेली सापडली, उडेना. तिचं काय करायचं? – वाई

उत्तर : आधी ओळख पक्की करू. घरटं चिखलाच्या गोळ्यांचं, बाटलीसारखं असेल तर ती भिंगरी. पिसं, गवत, कापूस असा हवेत उडणारा कचरा लाळेनं चिकटवून छताच्या कोपऱ्यात गाठोडं केलं असेल, पक्षी काळा, पाठीच्या खालच्या भागावर पांढरा पट्टा आणि शेपूट आखूड असेल, तर ती पाकोळी. तुमच्या वर्णनावरून पाकोळीच दिसते.

‘हंगाम संपल्यावर’ हा हिशेब पाकोळीला लागू पडत नाही. भिंगरीचं घरटं पिल्लं उडाली की रिकामं होतं. पाकोळ्या त्याच घरट्यांत बारा महिने रात्री झोपायला येतात. जोडी वर्षानुवर्षं तेच घरटं डागडुजी करून वापरते. पिल्लं उडायला चिमणीच्या दुपटीहून जास्त दिवस लागतात, पाच आठवड्यांच्या पुढेच. घरटी पाडली की वसाहत उठते, आणि खरबरीत चुन्याचं छत, पुरेशी उंची, खाली मोकळा सूर मारायला वाव अशी दुसरी कमान शहरात सापडणं कठीण. चकचकीत रंगाच्या स्लॅबला लाळेची पकड बसत नाही. शिवाय रिकाम्या-भरल्या घरट्यांवर चिमण्याही हक्क सांगतात, तो जाच वेगळाच.

दुचाक्या दोन मीटर बाजूला लावा, हा पहिला उपाय. ते शक्य नसेल तर गाड्यांवर ताडपत्री. घरट्यांच्या लगेच खाली फळी ठोकू नका. पाकोळी घरट्यातून आधी खाली झेपावते आणि वेग मिळाल्यावर वर उठते. मधे फळी आली की आपटते. पडणारी घाण कीटकांच्या कवचांची, कोरडी असते, केरसुणीनं निघते. आणि रात्री दरवाज्यात झगझगीत दिवा नको.

जमिनीवर पडलेली पाकोळी बहुधा जखमी नसते. तिच्या पायांची चारही बोटं पुढे वळलेली असतात, भिंतीला लटकायला ती उत्तम, चालायला निकामी. पाय आखूड आणि पंख लांब असल्यामुळे सपाट जमिनीवरून तिला उठता येत नाही. हलकेच उचला, मोकळ्या जागी छातीएवढ्या उंचीवर उघड्या तळहातावर ठेवा आणि थांबा. एक-दोन मिनिटं ती थरथरेल, मग सूर मारेल. हवेत फेकू नका. जखमी असेल तर फेकण्यानं ती मरेल. उडाली नाही तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. दूध, भात, पोळी भरवू नका. पाकोळी फक्त उडते कीटक खाते.

प्रश्न : लिफ्टच्या खोलीतून रात्रभर फिस्कारल्यासारखा, घोरल्यासारखा आवाज येतो. वॉचमन वर जायला तयार नाही. कोणी म्हणतं साप आहे. – नागपूर

उत्तर : बहुधा गव्हाणी घुबडाची पिल्लं. भुकेली पिल्लं रात्रभर तशीच फिस्कारतात. दिवसा बॅटरी घेऊन पाहा. बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा दिसेल, खाली केस आणि हाडं असलेले अंगठ्याएवढे काळे गोळे पडलेले असतील. ते घुबडानं ओकलेले उंदरांचे अवशेष. घरटं म्हणून काही नसतंच, त्या गोळ्यांच्या चुऱ्यातच अंडी घातलेली असतात. अंडी चार ते सात, आणि ती एकेक दिवसाआड उबत जातात, त्यामुळे पिल्लं लहानमोठी दिसतात. धाकटं पिल्लू मेलेलं दिसलं तरी घाबरू नका.

पिल्लं उडायला दोन महिने लागतात. तेवढे दिवस लिफ्टच्या देखभालीचा माणूस दिवसा, कमीत कमी वेळ जाऊ दे. फिरत्या पुलीला जाळीचं कव्हर असल्याची खात्री करा. पिल्लं बाहेर पडली की खिडकी बंद करायची असेल तर गच्चीच्या सावलीत पेटी द्या : ६० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ७० उंच, १३ बाय १८चं दार, आणि दाराचा उंबरा तळापासून ४५ सेंटिमीटर वर. उंबरा खाली ठेवला तर पिल्लं उडण्याआधीच बाहेर चालत येतात आणि पडतात.

सोसायटीत उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोन या विषाच्या वड्या टाकत असाल तर त्या थांबवा. वडी खाल्लेला उंदीर तीन-चार दिवस सुस्तावून फिरतो आणि नेमका तोच घुबडाच्या हाती लागतो. पिंजरे लावा. आणि घुबड राहतंय हे सोसायटीच्या ग्रुपवर फोटोसकट टाकू नका, दिवाळीच्या आधी तर नाहीच. लक्ष्मीपूजनाच्या सुमारास अंधश्रद्धेपायी घुबडं पकडली जातात. अपशकुनाचं म्हणणाऱ्यांना उंदरांचा हिशेब सांगा. एका जोडीला पिल्लांसकट रोज रात्री किती उंदीर लागतात ते खालचे गोळे मोजून कळेल.

प्रश्न : नवं घर बांधतोय. नऊ इंची विटांची भिंत आहे. भिंतीतच चिमण्यांची सोय करता येईल का? इंजिनिअर म्हणतात, ओल येईल. – कोल्हापूर

उत्तर : इंजिनिअरची शंका रास्त आहे, तोडही सोपी आहे. पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीत, तीन मीटरच्या वर, बाहेरच्या अर्ध्या भागात एकावर एक दोन विटा लांबीच्या बाजूनं सोडा. २३ सेंटिमीटर रुंद, १५ उंच आणि १० खोल कोनाडा मिळेल. आतल्या बाजूची अर्धी भिंत शाबूत राहते. कोनाड्याला आतून वॉटरप्रूफिंगचं प्लास्टर करा, तळाला बाहेरच्या बाजूस उतार द्या. पुढे अडीच सेंटिमीटर जाडीची सिमेंटची तबकडी, तीत सव्वा इंचाचं भोक आणि तळाशी पाणी निघायला सहा मिलिमीटरचं छिद्र. तबकडी सिमेंटनं पक्की करू नका, दोन स्क्रूंवर बसवा, म्हणजे वर्षाआड ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आत कोणी नसताना, जुनं गवत काढता येईल. वर दोन इंचांचा छज्जा असला तर उत्तम.

खिडकी, दरवाजा, तुळशीवृंदावन यांच्या बरोबर वर कोनाडा नको. खाली विष्ठा आणि गवत पडणार. कॉलम आणि बीममध्ये कधीही खोदू नका. भिंत सहा इंची हलक्या ब्लॉकची असेल तर कोनाड्याचा नाद सोडा, बाहेरून पेटी लावा. असे चार-पाच कोनाडे ओळीनं ठेवा, एकच ठेवण्यात हशील नाही. गोष्टीत चिमणीचं घर मेणाचं असतं, प्रत्यक्षात तिला विटांचं चालतं.

प्रश्न : घराच्या छपराखालून उन्हाळ्यात स्विफ्ट पक्षी ये-जा करतात. छप्पर बदलायचंय. हीच आपली पाकोळी का? – स्लाव, इंग्लंड

उत्तर : भाऊबंद, पण जात वेगळी. तुमच्याकडचा मेच्या सुरुवातीला आफ्रिकेतून येतो आणि ऑगस्टमध्ये परततो. म्हणजे इथल्या पाकोळीसारखी बारमाही अडचण नाही : काम सप्टेंबर ते मार्च या काळात करा. पण परत आलेली जोडी नेमक्या त्याच फटीकडे झेपावते, आणि फट बंद झालेली असेल तर भिंतीवर धडका देत राहते. म्हणून जुन्या तोंडांचे फोटो मोजमापासह काढून ठेवा आणि नव्या छपरात तिथेच, पाच मीटरपेक्षा वर, ६५ बाय २८ मिलिमीटरची फट ठेवा, किंवा आत पोकळी असलेली खास वीट बसवा. तिथे २०२१ पासून हा पक्षी लाल यादीत आहे, आणि चालू घरटं मोडणं १९८१च्या कायद्यानं गुन्हा ठरतो.

प्रश्न : चिमणीचं पिल्लू खाली पडलं. हात लावला तर आई घेत नाही म्हणतात. – रत्नागिरी

उत्तर : घेते. माणसाच्या वासाची भीती खोटी. पिसं नसलेलं पिल्लू उचलून घरट्यात ठेवा. घरटंच पडलं असेल तर छोट्या टोपलीत ते गवत भरून शक्य तितक्या जवळ बांधा आणि दूर उभं राहून तासभर पाहा. पिसं आलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू हरवलेलं नाही, उडायला शिकतंय. त्याला झुडपावर ठेवा आणि मांजर आत कोंडा. चोचीत पाण्याचे थेंब टाकू नका, ते श्वासनलिकेत जातात.

प्रश्न : एक चिमणा रोज सकाळी मोटारसायकलच्या आरशावर चोची मारतो. वेडा झालाय का? – लातूर

उत्तर : नाही. आरशातला चिमणा त्याला आपल्या हद्दीत घुसलेला दुसरा नर वाटतो. जवळपास त्याचं घरटं आहे. गाडी उभी केली की दोन्ही आरशांवर जुने मोजे चढवा. दोन-तीन आठवड्यांत तो दमून नाद सोडतो.